लाकूड तेवढं आणायचं राहिलंय

लाकूडकामाचा छंद लागलेला माणूस ओळखायची एक खात्रीची खूण आहे. त्याच्या घरी लाकूड नसतं. ड्रिल असतं, जिगसॉ असते, ग्राइंडर असतो, राउटर असतो, राउटरच्या बिटांची मखमली अस्तराची पेटी असते, आणि त्या पेटीवर धूळ बसू नये म्हणून जुन्या चादरीतून शिवून घेतलेलं झाकणही असतं. ‘एकदा सगळं मार्गी लागू दे, मग आणू लाकूड,’ असं तो म्हणतो. सगळं म्हणजे काय, हे विचारायचं नसतं.

नाशकात ही जमात जरा जास्तच आढळते आणि त्याला कारण आहे. या शहराने दोन-तीन पिढ्या यंत्रांपुढे उभ्या केल्या. ओझरला एचएएलमध्ये विमानं, सातपूरला मायको आणि महिंद्रा, नाशिकरोडला नोटांची प्रेस. माणूस उभी हयात लाखो रुपयांच्या मशीनवर काढतो आणि त्यातला एक स्क्रूही त्याच्या मालकीचा नसतो. उलट तो खिशात नाही ना, याची गेटवर झडती होते. मग निवृत्त झाल्यावर त्याला वाटतं, आता आपलं स्वतःचं एक मशीन पाहिजे. छोटं का असेना, पण ज्याचं लॉगबुक भरावं लागत नाही असं. बायकोची समजूत असते की हे आता सकाळ-संध्याकाळ देवळात जातील. हे हार्डवेअरच्या दुकानात जातात. तिथेही तासभर उभे राहतात, प्रदक्षिणा घालतात आणि हात जोडून परत येतात, कारण किंमत ऐकलेली असते.

द्वारकेवरून काठे गल्लीकडे वळलं की आमची कॉलनी लागते. तिथे प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. १९२८ पासून नोटा छापणाऱ्या त्या प्रेसची शिस्त त्यांच्या हाडीमांसी भिनलेली. कागद मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा, हिशेब जुळला नाही तर चहासुद्धा गोड लागत नाही. बंगल्याच्या पार्किंगला ते ‘वर्कशॉप’ म्हणतात. काकू ‘तिकडे’ म्हणतात. गाडी बाहेर उन्हात उभी असते, ड्रिल सावलीत असतं.

पहिलं ड्रिल घेण्याआधी काकांनी अख्खा पावसाळा अभ्यासात घालवला. अभ्यास म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ. त्यातला दाढीवाला अमेरिकन पहिल्याच वाक्यात ‘माझ्या या छोट्याशा गॅरेजमध्ये’ म्हणतो आणि त्या छोट्याशा गॅरेजमध्ये काकांचा बंगला कंपाउंडसकट मावला असता. तो अक्रोडाची फळी अशी उचलतो जशी आपण कोथिंबिरीची जुडी उचलतो. काकांच्या वहीत मात्र नोंदी व्यवस्थित होत गेल्या: वॅट किती, फेरे किती, चक दहा मिलिमीटरचा की तेराचा, वजन किती, वॉरंटी किती.

मग आला रंगाचा प्रश्न. पॉवर टूल्सच्या दुनियेत निष्ठा रंगावर असते. पिवळावाला निळ्याकडे बघत नाही आणि निळावाला मकिताच्या त्या मोरपिशी-हिरवट मालाला नावं ठेवतो. बॉशने तर आपल्याच घरात दोन जाती केल्या आहेत. निळा माल कारागिरांसाठी, हिरवा हौशी मंडळींसाठी. दुकानदाराने काकांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहून हिरवं ड्रिल काउंटरवर ठेवलं. तो अपमान काका अजून विसरलेले नाहीत. त्यांनी निळंच घेतलं. त्यांचे मायकोतून निवृत्त झालेले स्नेही भेटेल त्याला ‘आमच्या कंपनीचं घेतलंन्’ म्हणून सांगत सुटले. मायकोचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, चौक मात्र अजून मायको सर्कलच आहे. सातपूरला इंजिनात डिझेल फवारणारे सुटे भाग तयार होतात, ड्रिल नव्हे. पण अभिमानाला खातं विचारायचं नसतं.

दुकानदार ड्रिल घेणाऱ्याला एकच प्रश्न विचारतो: ‘भिंतीला की लाकडाला?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळी निवड त्यातच आली. विटा-काँक्रीटच्या भिंतीला हॅमरचा ठोका लागतो. लाकडाला ठोका अजिबात नको, वेगावर ताबा हवा. भिंतीचं बिट वेगळं, लाकडाचं वेगळं. लाकडाच्या बिटाला मधोमध टोक असतं, त्यामुळे ते खुणेवरून घसरत नाही. काकांनी छातीठोकपणे ‘लाकडाला’ असं सांगितलं. दुकानदार गावातला, म्हणजे रविवार कारंज्याच्या अंगाचा. त्याने आयुष्यभर अशी ‘लाकडाला’ घेतलेली ड्रिलं पाहिलेली. त्याने मुकाट्याने हॅमरवालं बांधून दिलं. त्या ड्रिलने आजवर पडद्यांचे रॉड बसले, दोन नेमप्लेटा बसल्या, शेजारच्यांचा गिझर टांगला गेला, देवघरामागची घंटा लटकली. लाकडात त्याने पाडलेलं भोक म्हणाल तर ड्रिल ज्या खोक्यात आलं त्याच्याखालच्या पाटाला, तेही बिट चालतं का बघताना.

पुढचा टप्पा बॅटरीचा. इथे कंपन्यांनी जी गंमत केली आहे ती साडीच्या सेलवाल्यालाही सुचली नसती. एकाच प्रकारची बॅटरी कुठे १८ व्होल्ट म्हणून विकली जाते तर कुठे २०. आत दोन्हीकडे लिथियमचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले. सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरला की पाच सेलांचे अठरा होतात, आणि नुकत्याच पूर्ण चार्ज झालेल्या सेलचे चार व्होल्ट धरले की वीस. काकांनी हा शोध लागल्यावर वहीत लाल शाईने ‘फसवणूक’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि मग २० वालं घेतलं. एकदा का बॅटरी घेतली की माणूस त्या कंपनीचा झाला. दुसऱ्या कंपनीच्या मशीनला ती बसत नाही. राजकारणात पक्षांतर सोपं आहे, तिथे चार्जर बदलावा लागत नाही.

न्यू जर्सीचा भाचा ‘मामा, इथे सेल लागलाय’ म्हणाला, तेव्हा काकांनी एक राउटर सांगितला. राउटर आला, पण तो तिकडचा, १२० व्होल्टचा. आपल्याकडे भिंतीतून २३० येतात. ‘फुकट मिळालेल्याला नाव ठेवू नये,’ असं म्हणत काकांनी दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. तो राउटरहून जड आहे. त्याला ठेवायला स्टूल लागलं, स्टुलाला चाकं लागली, आणि आता राउटर फिरवायचा तर आधी ट्रान्सफॉर्मर फिरवून आणावा लागतो. भाच्याने दुसऱ्या खेपेला एक ड्रिल आणि त्याची बॅटरीही आणली. विमानात सुटी लिथियम बॅटरी सामानात टाकता येत नाही, जवळच्या बॅगेतच न्यावी लागते आणि तीही साधारणपणे १०० वॅट-तासांपर्यंतच. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९०. बसते. म्हणजे ड्रिल खाली सामानात आणि बॅटरी मांडीवर, असा तो पोरगा नेवार्कहून मुंबईपर्यंत आला. त्याच्या आईने सांगितलेले बदाम मात्र राहिले.

हे सगळं चालू असताना काकूंच्या स्वयंपाकघरातलं कपाट एका बिजागरीवर लटकत होतं. शेवटी त्यांनी मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री मूळचा राजस्थानचा. त्याचं अख्खं वर्कशॉप खताच्या एका गोणीत मावतं. गोणी त्याने पार्किंगमध्ये उलटी केली तेव्हा काका श्वास रोखून बघत होते. चार इंची कटर, ट्रिमर, इलेक्ट्रिक रंधा, ड्रिल, फडक्यात गुंडाळलेल्या पटाश्या, एक गुण्या, एक हातोडी आणि कानावर पेन्सिल. बस्स. चार इंची कटर हा खरं तर मार्बल कापायचा. चकती ११० मिलिमीटरची, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे. महाराष्ट्रातली निम्मी वॉर्डरोब, टीव्ही युनिटं आणि मॉड्युलर किचनं या दगड कापायच्या यंत्राने कापलेली आहेत. अमेरिकन दाढीवाला बघेल तर त्याला घेरी येईल. एक सांगायला हवं: ग्राइंडरचं गार्ड काढून त्याला लाकडाची दातेरी चकती लावणारे महाभाग मी द्वारकेच्या आसपास पाहिले आहेत, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. ती चकती लाकडात अडकली की मशीन उसळून थेट माणसावर येतं. कटरला निदान बूड असतं, फळीवर टेकवून चालवता येतं.

मिस्त्रीने गोणीतलं अर्धं सामानही न वापरता कपाट सरळ केलं. चहा पिताना त्याचं लक्ष काकांच्या भिंतीकडे गेलं. बराच वेळ बघून तो म्हणाला, ‘काका, दुकान कब खोला?’

काका यावर काही बोलले नाहीत. पण त्या रात्री त्यांनी वहीत एक आकडा लिहिला. केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत, जी १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा जयंतीच्या मुहूर्तावर सुरू झाली, सुतारासह अठरा प्रकारच्या कारागिरांना अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर मिळतं. म्हणजे सरकारच्या हिशेबाने पोटासाठी सुतारकाम करणाऱ्याच्या अवजारांना एवढा हातभार पुरतो. काकांची एकटी राउटरच्या बिटांची पेटी, ट्रान्सफॉर्मर आणि चाकांचं स्टूल मिळून तिथवर पोचतात. हौसेला मोल नाही म्हणतात, पण पावत्या असतात. त्या काकांनी फाइल करून ठेवल्या आहेत आणि ती फाइल काकूंना सापडणार नाही अशा जागी आहे. ती जागा काकूंना माहीत आहे.

काकूंचा या सगळ्याला विरोध आहे असं मात्र नाही. त्यांचा आक्षेप एकदाच उफाळून आला होता, आणि त्याला इतिहास जबाबदार आहे. काका जेवताना इतिहास सांगतात. हातात धरायचं विजेवरचं ड्रिल जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन यांच्या कारखान्यात १८९५ साली झालं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका ही ब्लॅक अँड डेकरची करामत, त्याचं पेटंट १९१७ चं. तोवर ड्रिल चालू-बंद करायला वेगळा हात लागायचा. इथवर काकू वरण वाढत ऐकत होत्या. मग काकांनी जिगसॉची जन्मकथा काढली. १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये सिंतिला कंपनीच्या अल्बर्ट काउफमान नावाच्या माणसाने म्हणे बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढली, तिथे करवतीचं पातं लावलं आणि मशीन चालवून पाहिलं. पातं खालीवर झालं, फळी कापली गेली, जगाला जिगसॉ मिळाली.

काकूंनी वरणाचं भांडं खाली ठेवलं. आतल्या खोलीत त्यांचं पायाने चालवायचं मशीन आहे, माहेरून आलेलं. त्यांनी जाऊन त्याचं झाकण लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्राला अडकवली. काउफमानच्या बायकोचं पुढे काय झालं, हे एकाही कंपनीच्या इतिहासात लिहिलेलं नाही, हेही त्यांनी तेवढ्यात सुनावलं.

पण काकांचा खरा पराक्रम निवडीत नाही, मांडणीत आहे. यंत्रं विकत घेणं कोणालाही जमतं, पैसे असले की झालं. ती लावायची कशी यात माणसाचा कस लागतो. काकांनी आधी भिंतीवर भोकांचा पत्रा ठोकला आणि आकड्यांवर अवजारं टांगली. मग प्रत्येक अवजाराभोवती मार्करने रेघ काढली, म्हणजे ते उचललं की मागे त्याची आकृती उरते आणि काय बाहेर आहे ते कळतं. प्रेसच्या माणसाला याहून मोठं सुख नाही. काकू एकदा खोबरं फोडायला हातोडी घेऊन गेल्या, तेव्हा काका त्या रिकाम्या आकृतीपुढे संध्याकाळपर्यंत येरझाऱ्या घालत होते.

स्क्रूसाठी श्रीखंडाचे डबे. यात शास्त्र आहे. डबा पारदर्शक नसला तर उपयोग नाही, म्हणून काकांनी घरातलं श्रीखंड बदलायला लावलं. झाकणं फळीच्या खालच्या अंगाला स्क्रूने पक्की करायची आणि डबा खालून फिरवून लावायचा, ही युक्ती फार जुनी आणि फार चांगली. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: लांबी, जाडी, डोकं सपाट की गोल. ‘किरकोळ’ असा एकच डबा आहे आणि तो सगळ्यात मोठा आहे. लागेल तो स्क्रू नेहमी त्यातच सापडतो.

काकांच्या कामाच्या टेबलाची परिस्थिती मात्र हुबेहूब द्वारका चौकासारखी आहे. मुंबईहून आलेलं, पुण्याला निघालेलं, धुळ्याकडचं आणि गावातलं, सगळं त्याच एका ठिकाणी येऊन भिडतं आणि कोणी हलत नाही. टेबलाच्या वर काकांनी एक लांब फळी मारली, तो उड्डाणपूल. त्यावर ज्यांना इथे थांबायचंच नाही अशी यंत्रं, राउटर वगैरे, परस्पर पलीकडे जातात. टेबलाखाली मोठ्या हौसेने खण केले, तो पादचाऱ्यांचा भुयारी मार्ग. खाली कोणी उतरत नाही. सगळे आपले वरूनच, जीव मुठीत धरून, या बाजूचे त्या बाजूला. तिथे पक्कड हवी असेल तर सिग्नलची वाट बघावी लागते.

आवाजाबद्दल कोणी तक्रार करत नाही, हा द्वारकेत राहण्याचा फायदा. कॉलेज रोडच्या एखाद्या शांत सोसायटीत दुपारी दोनला रंधा चालवला असता तर सेक्रेटरीने नोटीस चिकटवली असती. इथे हायवेच्या हॉर्नमध्ये तो रंधा असा विरघळून जातो की स्वतः काकांनाही तो चालू आहे की नाही हे हात लावून बघावं लागतं. धुळीचं मात्र तसं नाही. लाकडाचा भुसा निरुपद्रवी वाटतो, देवाच्या रांगोळीतही लोक तो रंगवून घालतात, पण हवेत उडणारी त्याची बारीक भुकटी हा वेगळा प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ मध्येच तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणून मास्क हवाच, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. काकांनी मास्क घेतला, धूळ ओढणारं मशीन घेतलं, आणि ते मशीन ओढून घेईल अशी धूळ अजून तयार व्हायची आहे.

वर्षातून एक दिवस मात्र हे वर्कशॉप पूर्ण क्षमतेने चालतं. खंडेनवमीचा. त्या दिवशी अवजारं वापरायची नसतात, हेच त्याचं कारण असेल.

आदल्या रात्रीपासून काका एकेक मशीन पुसतात, वंगण घालतात, पात्यांचा गंज काढतात. सकाळी पार्किंगमध्ये सतरंजी अंथरतात आणि सगळी आकडेवारीनिशी मांडतात. दर वर्षी तेव्हा उलगडा होतो की ड्रिलं तीन आहेत. एक दुकानातलं, एक भाच्याचं आणि तिसरं कधी आलं यावर दर वर्षी काकूंशी चर्चा होते. मग हळदीकुंकू, झेंडूची फुलं, उदबत्ती. निळ्या, पिवळ्या, मोरपिशी यंत्रांवर एकाच बोटाने एकाच मापाचं कुंकू लागतं. काकू शिलाई मशीनचीही पूजा करतात, पण आतल्या खोलीत, कुलपासकट. रांगेत उभे राहून आम्ही कॉलनीवाले आरती म्हणतो. गेल्या वर्षी मिस्त्रीही आला होता. त्याची पूजा १७ सप्टेंबरलाच उरकलेली, गोणीला हार घालून. तरी त्याने इथे हात जोडले आणि प्रसादाचा पेढा खात सतरंजीवरची एकूण एक वस्तू डोळ्यांनी मोजली.

‘काका, एक बात बोलू?’ तो म्हणाला. ‘रंधा नया है?’

‘तीन वर्षं झाली,’ काका म्हणाले.

मिस्त्रीने रंध्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. कंपनीतून आलेलं तेल तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा, साडेतीन मुहूर्तांतला एक. मुहूर्त वाया घालवणं काकांच्या तत्त्वात बसत नाही. सकाळी आपट्याची पानं वाटून झाल्यावर ते गावात गेले आणि दुपारी रिक्षातून एक टेबल सॉ घेऊन उतरले. रिक्षावाला, मी आणि समोरचे दोघे मिळून ते आत नेलं. आत गेल्यावर कळलं की पार्किंगमध्ये आता फक्त माणसाला उभं राहायला जागा आहे, तीही कडेने. म्हणून भिंतीवरचं सगळं उतरवून छतापर्यंत एक मजबूत कपाट करायचं ठरलं आहे, खण मोजूनमापून, दारांना बिजागऱ्या सॉफ्ट क्लोजच्या. नकाशा काकांनी ग्राफपेपरवर काढला आहे. प्लायवूडचा अंदाज आला आहे.

सोमवारपासून मिस्त्री येतोय.